चिरूट, अढी आणि डांबरगोळ्या

मामेभावाने सिगार हातात दिला आणि मी तो दाबला. देठाकडून, अंगठ्याने, हलकेच. वीस-बावीस वर्षं हापूस निवडणाऱ्या माणसाच्या हातात काहीही लांबट-गोल आलं की तो दुसरं काय करणार?

"दादा, तो आंबा नाहीये," मामेभाऊ म्हणाला. मग जरा थांबून, "पण दाबायचाच असतो. तू दाबतोयस त्याच्या निम्म्या जोराने."

दाबून सोडला की सिगार पुन्हा जागेवर यायला हवा. मऊ जागा लागली तर तिथे पान कमी पडलंय, कडक गाठ लागली तर तिथे धूर अडणार. मला हे एकदम पटलं. हापूसमधला साका, म्हणजे आतला बिघडलेला गर, बाहेरून कधीच कळत नाही, कापल्यावरच कपाळाला हात लागतो. इथे निदान बोटांना तरी अंदाज येतो.

ही मे महिन्यातली गोष्ट. मामेभाऊ बोटीवर सेकंड इंजिनिअर आहे. घरी येताना त्याने २५ सिगारांचं एक खोकं आणलं होतं, विमानतळावर तेवढ्यांना सूट होती. त्यातले तीन मला दिले. क्यूबाचे, हवानाला हाताने वळलेले, रोबुस्तो नावाच्या आकाराचे: लांबी १२४ मिलिमीटर आणि रिंग गेज ५०. रिंग गेज म्हणजे इंचाच्या ६४ भागांपैकी किती जाडी ते, म्हणजे ५० म्हटलं की साधारण दोन सेंटिमीटर. कंपनीचं नाव लिहीत नाही. आपल्याकडे तंबाखूच्या जाहिरातीला बंदी आहे आणि मला ती फुकटात करायचीही नाही.

आमची जुनी माणसं याला चिरूट म्हणायची. शब्द तमिळ 'सुरुट्टु'वरून आलेला, अर्थ वळलेली गुंडाळी. देवगडच्या पट्ट्यात चिरूट ओढणारं कुणी मी पाहिलं नाही. विडी होती, आणि आजीची मिश्री होती. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, हाताने चुरायची आणि पत्र्याच्या डबीत भरायची. तो सिगार न पेटवता नाकाशी धरला तेव्हा आधी ती डबी आठवली, मग तिच्यामागून काहीतरी गोडसर आलं, मनुकांसारखं. म्हटलं, सवडीने बघू. मे महिन्यात बागायतदाराला मरायला सवड नसते.

आणि मी ते तीन सिगार कपाटात ठेवले. सागवानी कपाट, वरचा खण, बायकोच्या रेशमी साड्यांशेजारी. लाकडी कपाट, अंधारी जागा, आणखी काय पाहिजे? पुढचे चार महिने मी ते विसरलो.

सिगारला ६५ ते ७० टक्के आर्द्रता लागते आणि १८ ते २१ अंशांचं तापमान. क्यूबाही दमट, पण तिथेही माल अशाच बेताने जपतात. आमच्याकडे जुलैत घरातल्या भिंती घाम गाळतात, मिठाची बरणी पाण्याने भरते, काडेपेटी पेटत नाही. युरोपातल्या हौशी लोकांची सगळी धडपड सिगार सुकू नये म्हणून. कोकणात तो भिजू नये म्हणून करावी लागते. हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं असं नाही.

चार महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपवून मामेभाऊ ऑक्टोबरात परत आला, गणपती हुकल्याची हळहळ करत. जाताना त्याने आपले उरलेले सिगार मामीच्या ताब्यात दिले होते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि आत ६५ टक्क्यांचं पाकीट. हे पाकीट भारी वस्तू आहे. हवा कोरडी झाली तर ओल सोडतं, दमट झाली तर शोषून घेतं. त्याचा मूळ बेत ते सिगार आधी काही दिवस फ्रीजरमध्ये ठेवायचा होता, कारण ऊब मिळाली की पानातल्या किड्याची अंडी फुटतात आणि तांदळात टोके पडावेत तसे सिगारला टाचणीएवढे भोक पडतात. मामीच्या फ्रीजरमध्ये बांगडे होते. बेत रद्द झाला.

"तुझे कुठायत?" त्याने विचारलं.

मी कपाट उघडलं. तिन्ही सिगारांवर पांढरं आलं होतं. हौशी मंडळी सिगारवरच्या पांढऱ्या भुकटीला पानाचा बहर समजून खूश होतात, ती कोरड्या बोटाने पुसली की डाग न ठेवता जाते, वगैरे तो सांगत होता. पण ज्याने श्रावणात कपाटातून चामड्याचा पट्टा बाहेर काढलाय, त्याला बुरशी ओळखायला शिकवावं लागत नाही. लव होती, आणि कडेला हिरवट झाक. दोघांवर ती वरच्यावर होती. ब्रशने गेली. तिसऱ्याच्या उघड्या टोकातून आत शिरली होती.

"हा गेला," तो म्हणाला. "पण टाकू नको. चिरू या."

त्या संध्याकाळी त्याने ओटीवर वर्तमानपत्र पसरलं आणि घरातल्या विळीवर नव्हे, स्वतःच्या छोट्या चाकूने तो सिगार उभा चिरला. मला वाटलं होतं आत भुसा असेल. आत सबंध पानं होती. सगळ्यात वर एकच पातळ, तेलकट, शिरा जवळजवळ न दिसणारं पान. हे पांढऱ्या कापडाच्या मांडवाखाली, सावलीत वाढवतात, म्हणून एवढं नाजूक. त्याच्या आत जाडसर, धसमुसळं पान, बाकीचं सगळं बांधून ठेवायला. आणि गाभ्यात लांबीभर पसरलेली पानं, पंख्यासारखी चुण्या घालून एकमेकांत बसवलेली, मधे धूर जायला वाट राहील अशी. अळूवडीचा उंडा आडवा कापल्यावर दिसतो तसाच प्रकार, फक्त बेसन नाही.

गाभ्यातली पानंही एका जातीची नसतात. रोपाच्या खालच्या भागातलं पान जळायला चांगलं, त्याला व्होलादो म्हणतात. मधलं सेको, वासाचं. शेंड्याकडचं लिहेरो, उन्हात सगळ्यात जास्त भाजलेलं, जाड, कडक, आणि सावकाश जळणारं. म्हणून ते बरोब्बर मधोमध घालतात. कडेला घातलं तर सिगार एका अंगाने जळत सुटतो. हे पान हातात घेऊन बघितलं तर ते चिकट लागतं, बाकीची कागदासारखी.

तोडलेली पानं सुकवून नंतर त्यांचे मोठे ढीग रचतात. ढीग आतून तापतो, अमोनिया बाहेर पडतो. उष्मा वाढला की ढीग मोडायचा, वरची पानं खाली, खालची वर, आणि पुन्हा रचायचा. मामेभाऊ हे मला मोठ्या उत्साहाने सांगत होता आणि मला हसू येत होतं. भाताणाच्या थरात आंबा घालून अढी लावायची, हात घालून ऊब बघायची, वरखाली करायचं, हे मी दहा वर्षांचा असल्यापासून करतोय. तिथे ढिगात थर्मामीटर खुपसतात, आमच्याकडे कोपरापर्यंत हात.

हवानाच्या कारखान्यांत १८६५ पासून एक पद्धत आहे. कामगार सिगार वळत असतात आणि एक माणूस उंचावर बसून त्यांना वर्तमानपत्र आणि कादंबऱ्या वाचून दाखवतो. मामीने हे ऐकलं आणि म्हणाली, "आम्ही वाती वळताना पोथी ऐकतो, तसंच की." तिचं 'वळणे' हे क्रियापद इतकं नेमकं बसलं की मामेभावाचं पुढचं व्याख्यान थांबलं.

उरलेले माझे दोन सिगार तो डब्यात टाकून म्हणाला, "तीन आठवडे थांब." मी थांबलो. आंबेवाल्याला थांबायला शिकवू नये.

चव घ्यायचं ठरलं ते दोन संध्याकाळी. एका दिवशी दोन नाहीत, कारण एक रोबुस्तो पाऊण ते एक तास चालतो आणि दुसऱ्याच्या वेळी जीभ मेलेली असते. त्याने एक माझा सिगार घेतला, एक स्वतःचा, दोघांच्या कागदी पट्ट्या काढल्या आणि पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या लावल्या, एक आणि दोन. कुठला कुणाचा ते मला सांगितलं नाही. अमेरिकेत सिगार अफिसिओनादो नावाचं मासिक १९९२ पासून निघतं, तिथे परीक्षक असेच पट्ट्या काढून ओढतात. त्यांचेच शंभर मार्क त्याने वहीत आखले: दिसणं आणि बांधणीला १५, चवीला २५, जळणं-ओढणं याला २५, आणि एकूण मताला ३५. एकूण मताला सगळ्यात जास्त हे मला आवडलं. आंब्याच्या लिलावातही शेवटी तेच चालतं, फक्त कुणी लिहून ठेवत नाही.

पहिली संध्याकाळ. खळ्यात दोन खुर्च्या, समोर माड, माडांपलीकडे समुद्र. मामेभावाच्या छोट्या यंत्रावर हवेतली आर्द्रता ८४. सिगारच्या बंद टोकाला पानाची छोटी टोपी चिकटवलेली असते. ती पूर्ण कापायची नाही. टोपीची कड जिथे संपते त्याच्या वरच कटर लावायचा, नाहीतर वरचं पान उलगडत जातं. मी घाबरत दोन मिलिमीटर कापलं. मग न पेटवता एक झुरका. सुकं भाताण आणि ती मनुका. ओढायला सोपं, सरबताच्या नळीला जेवढा जोर लागतो त्यापेक्षा थोडाच जास्त.

पेटवणं हा वेगळाच तमाशा. काड्या पुरेनात. समुद्रावरून वारं असताना काडीपेटीने सिगार पेटवणारा माणूस मला एकदा बघायचाय. शेवटी गॅसचा लायटर. ज्योत टेकवायची नाही, खाली धरायची आणि सिगार फिरवत राहायचा, पापड भाजतो तसा, कड सगळीकडून सारखी लाल होईपर्यंत. मग पहिला झुरका. धूर तोंडात घ्यायचा, फिरवायचा, सोडायचा. छातीत न्यायचा नाही.

मामेभावाच्या वहीत पूर्वीच्या नोंदी होत्या: लेदर, सिडर, कोको, एस्प्रेसो. मी त्या वाचल्या आणि पुढची दहा मिनिटं मला काहीच लागेना. परीक्षेत शेजाऱ्याचा पेपर बघितल्यावर आपलं उत्तर विसरतं तसं. वही मिटायला लावली. मग जिभेच्या कडेला मुंग्या आल्या, आणि मी म्हणालो, "तिरफळ."

"मिरी लिहितात सगळे."

"मिरी घशात जाते. हे जिभेवर थरथरतंय. बांगड्याच्या तिखल्यातलं तिरफळ."

त्याने तिरफळ लिहिलं. तिथून गाडी सुटली. पहिला एक तृतीयांश भाग तिरफळ आणि काजू भाजताना टरफलाचा येतो तो उग्र धूर. 'लेदर' म्हणजे नवी कोल्हापुरी चप्पल, दुकानातून घरी आणल्यावर पिशवी उघडताना येतो तो वास, यात मला शंका उरली नाही. 'सिडर'वर वाद झाला. सिगारची खोकी ज्या लाकडाची असतात ते खरं सिडर नव्हेच, ते कडुनिंबाच्या कुळातलं झाड आहे, आपल्या तूनचं नातलग. मी जिभेच्या मागे बारीक कडवट लाकडी चव लागली तेव्हा 'निंबाची काडी' म्हटलं होतं. हे कुळ त्याने नंतर सांगितलं, आणि तेव्हा मी जरा छाती फुगवून बसलो.

मधला भाग सगळ्यात चांगला. तिखट उतरलं आणि भाजलेलं सुकं खोबरं आलं, त्यावर काकवीसारखा गडद गोडवा. मिनिटाला एकच झुरका. घाई केली की पान तापतं आणि सगळं करपट लागतं. मी दोनदा घाई केली. राख करड्या रंगाची, बोटाच्या दोन पेरांएवढी होईपर्यंत पडली नाही. पडली तेव्हा खाली निखारा टोकदार दिसला, मधलं लिहेरो मागे राहिल्यामुळे. चिरलेला सिगार बघितला नसता तर हे लक्षातही आलं नसतं. मामेभावाने थोडा धूर नाकातून सोडायला सांगितला. सोडला. डोळ्यांतून पाणी, खोकला, आणि त्या सगळ्याच्या मागून अर्धा क्षण भाजलेल्या फणसाच्या आठळ्या. पुन्हा करणार नाही, पण आठळ्या होत्या.

शेवटच्या भागात कात्याची दोरी, कोरा चहा, आणि मग अंगाला गार घाम. हात थंड, पोटात ढवळलं. सिगारचा धूर अल्कधर्मी असतो, छातीत न नेताही निकोटीन तोंडातूनच भिनतं, आणि एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या पाकिटाएवढी तंबाखू असू शकते. हे मला मामेभावाने तेव्हा सांगितलं, मी खुर्चीत आडवा झाल्यावर. मामी पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा घेऊन आली. "तंबाखू लागली तुका," ती म्हणाली. "आदी पेज खाऊन बसाचा होता." गुळाने वीस मिनिटांत माणसात आलो. सिगार विझवला नाही, तसाच ठेवून दिला. चिरडला तर घाण वास सुटतो, आपोआप विझू द्यायचा.

मार्क: १३, २१, २२, ३१. सत्त्याऐंशी. खाली लिहिलं, 'उत्तम माल. क्यूबाच.'

दुसरी संध्याकाळ, आधी व्यवस्थित जेवून. दुसऱ्या सिगारचं वरचं पान पेटवायच्या टोकाशी केसाएवढं चिरलेलं होतं. दाबला तर स्पंजासारखा. न पेटवता ओढला तर मनुका नाही, नुसती ओल. पेटायला दुप्पट वेळ लागला, मग एका अंगाने जळत गेला, डोणीसारखा. तीनदा पुन्हा पेटवला. ओढताना गाल दुखले. चवीत तिरफळ होतं, पण दबलेलं, आणि आंबट कडा. मी दहा मिनिटांनी वहीत लिहिलं, 'हलका माल. बहुधा दुसऱ्या देशाचा.' मामेभाऊ काही बोलला नाही. त्याचा चेहरा लिलावात भाव माहीत असलेल्या दलालासारखा होता.

मधल्या भागापाशी आणखी काहीतरी आलं. थंड, बोचरं, नाकात वर चढणारं. कापूर म्हणावं तर कापूर नव्हे. मी तीन झुरके घेतले तरी शब्द सापडेना. ओळखीचं होतं, अगदी घरचं होतं, आणि म्हणूनच सापडत नव्हतं. चौथ्या झुरक्याला उठून बसलो.

"डांबरगोळी."

मामेभाऊ इतका हसला की त्याच्या मांडीवरची वही पडली. बायकोच्या साड्यांच्या खणात प्रत्येक कोपऱ्यात दोन, दर पावसाळ्यात नव्या. चार महिने तो सिगार त्यांच्यात झोपला होता. तीन आठवड्यांत डब्यातल्या पाकिटाने ओल बरीचशी काढली असेल, पण तो वास कुठलं पाकीट काढणार?

मी तोवर मार्क देऊन ठेवले होते: ११, १४, १५, २३. त्रेसष्ट. त्याने घरातून खोकं आणलं, उपडं केलं. तळाला शिक्का, कारखान्याचा कोड आणि खोकं भरल्याचा महिना. दोन्ही सिगार याच खोक्यातले. एकाच रांगेतलेही असतील.

चोवीस मार्कांचा फरक, आणि वर मी देशही बदलून टाकला होता. राग कुणावर काढायचा? मला हे माहीत नव्हतं असंही नाही. वडिलांनी एकदा रॉकेलच्या डब्याशेजारी अढी लावली होती, तेव्हा त्यांना आठवडाभर बोल लावणारा मीच. उत्तम कलमाचे आंबे, आणि कापल्यावर स्टोव्हचा वास. तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो आणि मला सगळं कळत होतं.

वहीत मी 'बहुधा दुसऱ्या देशाचा' खोडून 'बहुधा आमच्या कपाटाचा' लिहिलं. मार्क खोडले नाहीत. दिले ते दिले.

शेवटचा एक अजून मामीकडच्या डब्यात आहे. मामेभाऊ म्हणतो वर्षभर ठेवून बघू, वास उतरला तर. मी आता त्या डब्याकडे जातच नाही.

तुळशीचं लग्न झालं, लग्नसराई लागली. चुलत भाचीच्या लग्नाला निघताना बायकोने कपाटातून शालू काढला, खांद्यावर घेतला, पदर नाकाशी नेला आणि माझ्याकडे बघत राहिली. मी जवळ जाऊन वास घेतला. नवी कोल्हापुरी, सुकं खोबरं, अगदी मागे निंबाची काडी.

"अहो," ती म्हणाली, "याला किती मार्क?"